जुना पेट्रोल पंप बनवताना

ट्रेन सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर गाडी चालवायच्या खेळासाठी, त्रिमितीय मॉडेलं करायची म्हटलं की बहुतेक जण आधी इंजिनाला हात घालतात. मी कुडाळचा. कोकण रेल्वेचा रूट सजवताना मी जुन्या पेट्रोल पंपापासून सुरुवात केली, आणि नव्याने येणाऱ्यांनाही तेच सांगतो. भिंत, कौलं, पत्रा, काच, पाटी असं सगळं एवढ्याशा जागेत शिकायला मिळतं.

मॉडेलं बनवायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते महिन्याभरात हाताला बसतं. खरा वेळ जातो निरीक्षणात. ज्या बंद पंपावरून मी मॉडेल केलं, त्याची खोली जांभ्याची होती. मालकांना विचारून आत गेलो, पण एवढ्या उंचीला टेप पुरेना. मग एकच चिरा सांध्यासकट मोजला, आठ इंच भरला. थर मोजले पंधरा. म्हणजे भिंत दहा फूट. फोटो मात्र ढगाळ दिवशीच काढा. मी पहिल्यांदा मे महिन्यात भर दुपारी काढले आणि पागोळीची काळी सावली टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रात, कायमची बसली. सिम्युलेटरमध्ये सकाळ असो की संध्याकाळ, ती हलेना. श्रावणात परत गेलो. तेव्हा भिंतीच्या पायथ्याचं हिरवं शेवाळंही मिळालं. त्याच्याशिवाय ती भिंत कोकणातली वाटलीच नसती.

यंत्राबद्दल शेजारच्या आजोबांनी सांगितलं, "आधी दांडो मारून पेट्रोल काचेत चढवूचां, मगे नळयेन गाडयेत सोडूचां." जमिनीखालच्या टाकीतून हाताने वर ओढलेलं पेट्रोल काचेच्या उभ्या नळकांड्यात दिसायचं, खुणेपर्यंत भरलं की आपल्या वजनानेच खाली उतरायचं. हे नळकांडं करताना काच वेगळा भाग म्हणून ठेवा. मी ती बाकीच्या मेशला, म्हणजे मॉडेलच्या जाळीला, जोडून टाकली होती, तर काचेतून मागची भिंतच दिसेनाशी झाली.

बारकाव्यांचा मोह आवरा. माझ्या पहिल्या पंपात नोझलचे स्क्रूसुद्धा कोरलेले होते, मॉडेल ज्या त्रिकोणांचं बनतं ते चाळीस हजार झाले आणि स्टेशन जवळ आलं की गाडी अडखळायची. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. प्रवाशाला दिसतो तो छपराचा उतार आणि पाटीचा रंग. स्क्रू टेक्स्चरमध्ये रंगवले, त्रिकोण दोन हजारांवर आले. टेक्स्चर ५१२ किंवा १०२४ पिक्सेलचं चौकोनी घ्या.

पण सगळ्यात आधी साल ठरवा. मी पंपावर बर्मा-शेल या जुन्या तेल कंपनीची लखलखीत पाटी लावली होती. तो व्यवसाय १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतला, १९७७ मध्ये भारत पेट्रोलियम हे नाव आलं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. माझ्या रूटचं सालही तेच. म्हणजे नव्या कोऱ्या पाटीशेजारून माझी गाडी जाणं शक्यच नव्हतं. मॉडेल मोडायचं जिवावर आलं, म्हणून पंपच बंद करून टाकला. पाटीवरचा रंग पोपडे धरून उडवला, पत्र्याला गंज दिला, नळकांड्याची काच फोडली आणि दांड्यावर घोसाळ्याचा वेल चढवला. आता कुडाळ सोडताना तो डाव्या खिडकीतून दिसतो.