नवा कॅमेरा हाताला बसेपर्यंत

नवा कॅमेरा घेतल्यावर पहिले काही दिवस छायाचित्रे जुन्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट येतात, आणि आपला पहिला संशय कॅमेऱ्यावरच जातो. प्रत्यक्षात जुन्या कॅमेऱ्याची बटणे शोधण्याचे काम डोक्याने केव्हाच बोटांवर सोपवलेले असते, आणि नव्या कॅमेऱ्यात तेच काम पुन्हा डोक्याकडे येते; म्हणून प्रकाश आणि चौकट यांच्याकडे जे लक्ष द्यायचे ते बटणांकडे जाते. माहितीपुस्तिका तीनदा वाचूनही हा अडथळा पूर्ण दूर होत नाही, कारण सवय बोटांना लागावी लागते.

त्यामुळे सुरुवात नव्या कॅमेऱ्यापासून न करता जुन्यापासून करावी. तो हातात घेऊन आपण छायाचित्र काढताना नेमके काय काय बदलतो ते एका कागदावर लिहावे. बहुतेकांची यादी सात-आठ गोष्टींपलीकडे जात नाही: अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत घेणारे छिद्र), शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा), आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला चित्राचा उजेड कमी-जास्त करणे), फोकसचा बिंदू हलवणे, फोकसचा प्रकार आणि काढलेले चित्र मोठे करून तपासणे. नव्या कॅमेऱ्यात प्रथम एवढेच शोधावे. शेकडो पर्यायांचा मेन्यू सध्या तसाच राहू द्यावा.

शोधताना नावांचा घोळ होतो, म्हणून काही जोड्या आधीच ठाऊक असाव्यात. अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने, या पद्धतीला निकॉन आणि सोनीच्या पद्धत निवडण्याच्या डायलवर ‘ए’ म्हणतात, तर कॅननवर ‘एव्ही’. शटरचा वेग आपण ठरवायचा असेल तर निकॉन, सोनीवर ‘एस’ आणि कॅननवर ‘टीव्ही’. सतत हलणाऱ्या विषयावरचा फोकस निकॉन, सोनीत ‘एएफ-सी’ असतो, कॅननमध्ये ‘सर्व्हो’. फुजीफिल्मच्या एक्स-टी मालिकेतील बहुतेक मॉडेलांत तर असा डायलच नाही. तेथे शटरच्या डायलवर आणि लेन्सच्या अ‍ॅपर्चर कड्यावर स्वतंत्र ‘ए’ असतो. दोन्ही ‘ए’वर ठेवले तर दोन्ही निर्णय कॅमेरा घेतो, आणि एक हलवले की तेवढी गोष्ट आपल्या हातात येते. एकदा उमगली की ही रचना सर्वांत सोपी वाटते, पण पहिल्या दिवशी ती गोंधळात टाकणारी आहे, हे मान्य केले पाहिजे.

यानंतरचा त्रास दिशांचा, आणि माझ्या मते खरी फजिती तोच करतो. समोरून पाहिल्यास कॅनन, सोनी आणि फुजीफिल्मची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बसते, तर निकॉनची उलट दिशेने. कॅनन आणि निकॉनच्या झूमच्या कड्याही परस्परांच्या विरुद्ध फिरतात, त्यामुळे ऐन क्षणी विषय जवळ आणायला जावे तर तो दूर पळतो. चालू-बंद करण्याचा खटका निकॉनमध्ये शटरच्या बटणाभोवती असतो, तर कॅननच्या अनेक मॉडेलांत तो डाव्या खांद्यावर असतो. झूमच्या कडीची दिशा किंवा खटक्याची जागा बदलता येत नाही, मात्र डायल फिरवण्याची दिशा अनेक कॅमेऱ्यांत मेन्यूतून उलटवता येते, आणि हा बदल पहिल्याच दिवशी करून टाकावा, कारण चुकीची दिशा एकदा अंगवळणी पडली की ती पुन्हा मोडणे अधिक कष्टाचे असते.

आता सराव. खिडकीपाशी बसून एखादी स्थिर वस्तू समोर ठेवावी, डोळा व्ह्यूफाइंडरला (दृश्य पाहण्याच्या छोट्या खिडकीला) लावावा आणि तो न हलवता एक-एक गोष्ट बदलावी: अ‍ॅपर्चर दोन पायऱ्या उघडा, आयएसओ ४०० वरून १६०० करा, फोकसचा बिंदू उजव्या कोपऱ्यात न्या आणि परत मध्यावर आणा. चित्र काढण्याचीही गरज नाही. रोज दहा मिनिटे असे केले तर काही दिवसांतच बोटे स्वतःहून जागा शोधू लागतात, आणि एकदाच तीन तास बसण्यापेक्षा हे निश्चित अधिक उपयोगी पडते. अंधाऱ्या खोलीत हाच सराव केल्यास आपण अजून कुठे चाचपडतो ते लगेच कळते.

डीएसएलआरवरून (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावरून) मिररलेसकडे (आरसा नसलेल्याकडे) येणाऱ्यांनी आणखी काही सापळे ओळखून ठेवावेत. व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजरचा परिणाम आधीच दिसत असल्यामुळे मॅन्युअल पद्धतीत (जिथे सगळे आपणच ठरवतो) स्टुडिओचा फ्लॅश वापरताना चित्र काळेकुट्ट दिसते, आणि कॅमेरा बिघडला असे वाटते. तेव्हा मेन्यूतील ही पूर्वदृश्याची सोय बंद करावी. आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटरवर काही एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात, आणि वेगाने जाणाऱ्या वस्तू तिरप्या होतात, म्हणून अशा वेळी यांत्रिक शटरवर यावे. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांचे नाक पडद्याला टेकून फोकसचा बिंदू भलतीकडे जातो (हे मला स्वतःला तब्बल आठवडाभर कळले नव्हते). व्ह्यूफाइंडर वापरताना पडद्याचा स्पर्श बंद ठेवणे हाच त्यावर उपाय.

बटणांची कामे बदलण्याची सोय जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात असते, आणि नव्या मालकाला तिचा मोह आवरत नाही. निर्मात्याने ठेवलेल्या मूळ रचनेवर निदान काही आठवडे काम करावे. त्या काळात ज्या गोष्टीसाठी वारंवार मेन्यूत शिरावे लागते तिची नोंद ठेवावी आणि मग केवळ तेवढ्याच गोष्टींना बटणे द्यावीत. नेहमी लागणारी पूर्ण मांडणी कॅननमध्ये ‘सी१’, ‘सी२’ आणि निकॉनमध्ये ‘यू१’, ‘यू२’ यांसारख्या जागी साठवता येते. अनेक कॅमेऱ्यांत सगळ्या सेटिंग कार्डावर जपून ठेवण्याचीही सोय असते. मात्र ते कार्ड फॉरमॅट करण्यापूर्वी ती फाइल संगणकावर उतरवून घ्यावी.

या काळात जुना कॅमेरा कपाटात ठेवावा, कारण दोन्ही आलटून पालटून वापरल्यास बोटांना कोणतीच रचना पक्की होत नाही. अपवाद एकच: पुन्हा न येणारा प्रसंग टिपायचा असेल आणि नव्या कॅमेऱ्यावर फोकसचा बिंदू न बघता हलवता येत नसेल, तर त्या दिवशी जुनाच कॅमेरा गळ्यात अडकवावा. नवा पिशवीत असू द्यावा आणि घाई नसलेल्या क्षणी त्यावर चार चित्रे काढून पाहावीत.