सबप्रोसेस गप्प बसला तर आधी बफर बघा

सांगलीत हळदीच्या एका अडत्याकडं पट्टी काढायचा जुना सीमधला प्रोग्रॅम आहे, वजन विचारतो, भाव विचारतो, रक्कम सांगतो. तो मी पायथनच्या पोपेननं (Popen, दुसरा प्रोग्रॅम सबप्रोसेस म्हणून आतून चालवायची सोय) चालवायला गेलो, इनपुट-आउटपुट दोन्हीकडं पाइप (एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसऱ्याकडं नेणारी वाट) लावले आणि पहिल्याच रीडलाइनला (ती नवी ओळ येईपर्यंत वाचते) जे अडकलं ते दोन चहा झाले तरी हलंना.

झालं असं की टर्मिनल समोर असलं की सी लायब्ररी ओळीओळीनं आउटपुट सोडते, पण पाइप दिसला की बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायची जागा, भरेपर्यंत सगळं धरून ठेवते. त्यात 'वजन?' च्या पुढं नवी ओळच नाही, मग रीडलाइन बसली वाट बघत! तिथं एकेक अक्षर वाचत प्रश्नचिन्हापर्यंत जायचं. लिनक्सवर प्रोग्रॅमच्या आधी एसटीडीबफ (stdbuf, बफरची पद्धत बदलणारी कमांड) लावा, पण ओ शून्य (-o0, बफरच नको) द्या, कारण ओ एल (-oL, ओळीओळीनं सोड) दिलं तर नवी ओळ नसलेला प्रश्न तसाच अडकतो (माझा तास यातच गेला). समोरचा प्रोग्रॅम पायथनमधलाच असेल तर तो चालवताना मायनस यू (-u) पुरतं. आणि हे काहीच चाललं नाही तर पीएक्सपेक्ट (pexpect) ही पायथनची लायब्ररी, ते खोटं टर्मिनल दाखवून गंडवतं.

आपण लिहिताना शेवटी नवी ओळ आणि फ्लश (आपल्या बफरमधलं लगेच पुढं ढकलणं), दोन्ही पाहिजेत. पोपेनचं कम्युनिकेट मात्र इथं नको, ते एकदाच पाठवून इनपुट बंद करतं. एररचा वेगळा पाइप ठेवला तर तोही वाचत राहा, लिनक्सवर साधारण 64 केबीला भरतो आणि मग दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांकडं बघत बसतात, मी तर एरर सरळ आउटपुटमध्येच मिसळून टाकतो.