ताट हातात असताना विचारू नका

आमच्या गटात नवीन येणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगते: ज्याच्या हातात ताट आहे, त्याला फोटोची परवानगी विचारू नका. तो हो म्हणेल. दोन रात्री वॉर्डाबाहेर फरशीवर काढलेला माणूस वाढणाऱ्याला नाही म्हणत नाही. तो होकार पोळीसाठी दिलेला असतो, फोटोसाठी नाही.

आम्ही सुदामानगरातल्या एका घराच्या मागच्या अंगणात स्वयंपाक करतो आणि आठवड्यातून ३ दिवस एका सरकारी रुग्णालयाबाहेर अटेंडर लोकांना जेवण वाढतो. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन इकडची माणसं उपचारासाठी इंदूरला येतात. रुग्ण आत भर्ती, आणि सोबतची दोन-तीन माणसं बाहेर चादर अंथरून. आपले स्वयंसेवक त्यांच्यासमोर फोन घेऊन उभे असतात, म्हणून हे लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका मुलानं असाच एक फोटो काढला. मुलगा मनानं फार चांगला, अजूनही आमच्याबरोबर आहे. फोटोत एक बाप, मांडीवर लेक, समोर वरण-भात. ‘पेजवर टाकू का काकू?’ असं त्यानं विचारलं आणि मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो माणूस आला, पण रांगेत लागला नाही. बाजूला उभा राहिला. वाढप संपल्यावर जवळ येऊन त्यानं आपला फोन माझ्यापुढे धरला. ‘गाँव में सब ने देख लिया, बहनजी.’ घरी त्यानं सांगितलं होतं की शहरात ओळखीच्यांकडे उतरलोय, काळजी करू नका. आवाज चढवला नाही, रागावला नाही. जेवलाही नाही. आम्ही पोस्ट ५ मिनिटांत काढली, पण ती केव्हाच आमच्या हातातून गेली होती. त्याच्या गावच्या ग्रुपवरून ती काढणं आमच्या हातात नव्हतं.

मी ३१ वर्षं बँकेत काउंटरवर काढली. खातेदाराच्या सख्ख्या भावानं विचारलं तरी कधी शिल्लक सांगितली नाही. आणि इथे एका माणसाची अडचण मी सगळ्या गावापुढे उघडी केली. तेव्हापासून आमची पद्धत बदलली.

आता माणसाचा फोटो खरोखरच हवा असेल, तर वाढणाऱ्यानं विचारायचं नाही. त्या दिवशी वाढायला नसलेल्या कुणीतरी, जेवण झाल्यावर, शक्यतो पुढच्या खेपेला, शेजारी बसून विचारायचं. उभं राहून नाही. फोनवर तोच फोटो दाखवायचा आणि साफ सांगायचं: हा फेसबुकवर जाईल, तुमच्या गावातलं कुणीही पाहू शकेल, आणि नको म्हणालात तरी पुढचं जेवण मिळणारच आहे. हे शेवटचं वाक्य विसरू नका. हिंदीत सांगा, निमाडी किंवा भिली बोलणारं कुणी आपल्यात असेल तर त्याला बोलवा. ‘जैसा आप ठीक समझें’ असं उत्तर आलं तर ते आमच्याकडे ‘नाही’ असंच धरतात. मान हलवली, हसले, गप्प राहिले, तेही नाहीच. स्पष्ट हो आला तर वहीत तारीख, फोटोचा क्रमांक आणि विचारणाऱ्याची सही. शुद्धीवर नसलेला, मानसिक आजार असलेला किंवा रडणारा माणूस असेल तर विचारायचंच नाही.

लहान मुलांचे चेहरे आम्ही अजिबात टाकत नाही, आईबाप हो म्हणाले तरी. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार ज्याला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे किंवा जे एखाद्या गुन्ह्यात पीडित, साक्षीदार किंवा आरोपी आहे, अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुष्कळांना वाटतं हे फक्त पेपरवाल्यांसाठी आहे. तसं नाही, कायद्यात इतर संपर्कमाध्यमंही येतात, म्हणजे तुमचा ग्रुपही. आणि ओळख म्हणजे नुसता चेहरा नव्हे. नाव, पत्ता, शाळा, ज्यावरून मूल ओळखू येईल अशी कुठलीही खूण. म्हणून रुग्णालयाच्या आवारात चुकलेलं मूल दिसलं तर फोटो काढून ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असं लिहू नका. आधी मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन, मग जवळची पोलीस चौकी, आणि कुणीतरी मोठं माणूस येईपर्यंत मुलाजवळ बसून राहणं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर नाव, गाव, आडनाव, काहीच नाही, आपल्या खासगी ग्रुपवरसुद्धा नाही.

मोठ्यांच्या फोटोतही चेहरा झाकला म्हणून काम झालं असं समजू नका. मागे वॉर्डाची पाटी असते, मनगटावर रुग्णालयाची पट्टी असते, खाटेवर क्रमांक असतो. पर्चा, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, दिसत असेल तर आजारच जाहीर झाला. कुणासाठी मदतीचं आवाहन करायचं तर पर्चा संस्थेच्या दोन माणसांनी पाहून खात्री करावी, पोस्टमध्ये तो घालू नये. आधार कार्डाची प्रत लागलीच तर शेवटचे ४ अंकच दिसतात ती मास्क्ड आधार घ्यायची. चेहऱ्यावर हलकासा धूसरपणा आणण्यापेक्षा फोटो सरळ कापा. एक बारकी गोष्ट: व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर तो कुठे काढला ती जागाही सोबत जाऊ शकते. ग्रुपमधले फोटो आपोआप गॅलरीत उतरणंही बंद करा. नाहीतर पुढच्या वर्षी घरच्या लग्नाच्या फोटोंत कुणाची तरी आजारी आई सापडते.

मग टाकायचं काय? हे तरुण मुलं मला नेहमी विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण दाखवल्याशिवाय मदत येत नाही. पण दाखवण्यासारखं अंगणातच ढीगभर असतं. सकाळी ८ वाजता कांदा चिरणारे ६ हात. फोडणी पडतानाचं मोठं पातेलं. पोळ्यांच्या चळती आणि त्यांवर टाकलेलं ओलं फडकं. एकादशीला साबुदाणा खिचडीसाठी परातीत निथळत ठेवलेला साबुदाणा. रिकामी, घासून उपडी घातलेली भांडी. गॅसच्या टाकीची पावती, किराणा दुकानाचं बिल, ‘आज १२ किलो तूरडाळ लागली, ९ किलो उरली’ असा फळ्यावरचा हिशेब. आमच्याकडे सगळ्यात जास्त मदत त्या फळ्याच्या फोटोवर येते. देणाऱ्याला आपले पैसे डाळीत गेलेले दिसले की तो पुढच्या महिन्यात पुन्हा देतो. मजकूर लिहिताना ‘बिचारे’, ‘लाचार’, ‘गरीब आदिवासी’ हे शब्द आमच्या पेजवर चालत नाहीत. ‘अलीराजपूरहून आलेले पाहुणे’ असं लिहा. रीलला रडकं संगीत लावू नका. ज्यांच्यावर वेळ आली आहे, त्यांना ते ऐकवत नाही.

पैशांबद्दल मी कडक आहे, सवयच तशी लागलेली. क्यूआर कोड फक्त संस्थेच्या खात्याचा. ‘माझ्या नंबरवर पाठवा, मी जमा करतो’ हे कितीही घाईत, कितीही चांगल्या मनानं असलं तरी नाही. पैसे भरणाऱ्यालाही सांगा की स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचं नाव दिसतंय का ते आधी वाचा. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘देणगी द्यायची आहे, पिन टाका’ असा फोन आला की ठेवून द्या. फसलातच तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

आणखी एक, जे फार कमी जणांना माहीत असतं. आपल्या घराघरांतली मुलं अमेरिकेत आहेत, आणि पोस्ट पाहून ती प्रेमानं पैसे पाठवतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं चालतं. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी परदेशी देणगी धरली जाते. ती घ्यायला संस्थेला एफसीआरए, २०१० (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते, आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. आमच्याकडे ती नोंदणी नाही. तेव्हा न्यू जर्सीच्या आतेभावाला आपला क्यूआर पाठवण्याआधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा.

रक्त हवं असल्याचे निरोप पुढे पाठवण्याआधी त्यातल्या नंबरवर स्वतः फोन करा. हे निरोप वर्षानुवर्षं फिरतात. ज्याचं माणूस केव्हाच बरं झालं किंवा गेलं, त्याचा फोन अजून वाजत असतो. गेलेल्याच्या घरी असा फोन गेला की काय होतं ते मी ऐकलं आहे. निरोपात तारीख, वेळ, रक्तगट, किती युनिट आणि कधीपर्यंत, हे नसेल तर तो थांबवा. दोन बाणांची खूण, म्हणजे निरोप खूपदा पुढे पाठवला गेल्याची, असेल तर दुप्पट संशय घ्या. रक्त मिळालं की त्याच ग्रुपवर ‘मिळालं, आता पाठवू नका’ हेही लिहा. रक्तपेढ्यांमधला साठा ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो.

बाकी थोडक्यात. पेजचं ॲडमिनपद दोघांकडे असावं, एकाकडे नाही, आणि दोघांनीही टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवावं. कुणी काम सोडलं की त्याच दिवशी ॲडमिनपद काढा, भांडण झालेलं नसलं तरी. संस्थेचा टी-शर्ट घातलेला डीपी ठेवून राजकारणावर वाद घालू नका. मत तुमचं, पण टी-शर्ट सगळ्यांचा. मुलींनी वाढप चालू असताना जागा सांगणारी स्टोरी टाकू नये, घरी पोचल्यावर टाकावी. पेजवर कुणी रागानं तक्रार लिहिली तर ती पुसू नका, वाद घालू नका. ‘वाचलं, फोन करते’ इतकं लिहा आणि खरंच फोन करा. कुणी स्वतःचा फोटो पेजवरून हटवायला सांगितला तर कारण विचारायचं नाही. आधी हटवायचा, मग हटवल्याचं त्याला सांगायचं, मग आपल्या ग्रुपमध्ये ज्यांनी स्टेटसला ठेवला असेल त्यांनाही हटवायला लावायचा.

पहिल्या ३ खेपांना नवीन स्वयंसेवकानं फोटो काढायचे नाहीत, हा आमचा नियम आहे. फोन पिशवीत ठेवायचा, पाणी वाढायचं आणि कोण कुठून आलंय ते ऐकायचं. बुधवारी साडेनऊपर्यंत अंगणात या. पोळ्या लाटायला दोन जण कमी आहेत.