नावाचा खरा उच्चार आणि उगम कसा शोधावा

अनोळखी नाव वाचताना केवळ स्पेलिंगवर विसंबू नये. स्पेलिंग छापखान्यात एकदा ठरले की बहुधा तसेच राहते, बोलणाऱ्यांची जीभ मात्र पुढे जात राहते. म्हणूनच इंग्लंडमधील ज्या शहराचे नाव आपण सहज 'वॉर्सेस्टर' असे वाचतो, त्याला तेथील लोक 'वुस्टर' म्हणतात. शक्य असेल तर ज्याचे नाव आहे त्यालाच, आणि गावाचे असेल तर तेथील रहिवाशाला उच्चार विचारावा. त्यात संकोच करण्याचे कारण नाही, कारण चुकीच्या उच्चाराने माणूस न बोलता दुखावतो.

एका आडनावाचा उच्चार सगळीकडे सारखाच असेल, हेही गृहीत धरू नये. स्कॉटलंडमधील 'मेन्झीज' या आडनावाचा पारंपरिक उच्चार 'मिंगिस' आहे. जुन्या स्कॉट्स लिपीत 'योख' नावाचे अक्षर होते. छापखान्यांत त्याचा खिळा नसल्याने दिसायला जवळचा म्हणून झेड वापरला गेला आणि पुढे वाचणारे तो झेडच समजू लागले. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज यांचे आडनाव 'मेन्झीज' असेच उच्चारले जाई, तर ब्रिटिश राजकारणी मेन्झीज कॅम्बेल यांच्या नावातील 'मेन्झीज'चा उच्चार 'मिंगिस' होता. दोन्ही उच्चार आपापल्या जागी बरोबरच आहेत. क्वचित असा वाद कायदेमंडळापर्यंतही जातो: अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्याच्या विधिमंडळाने १८८१ साली ठराव करून शेवटच्या 'एस'चा उच्चार करायचा नाही, असे ठरवले.

उगम शोधताना नावांच्या यादीतला अर्थ लगेच स्वीकारू नये. ते नाव सर्वांत आधी कोठे आणि कोणत्या साली लिहिलेले आढळते, हे पाहावे. 'व्हॅनेसा' म्हणजे फुलपाखरू, असे अनेक याद्या सांगतात. प्रत्यक्षात आयरिश लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी एस्थर व्हॅनोम्री या मैत्रिणीच्या आडनावाचा आरंभ आणि तिच्या नावाचे लाडके रूप जोडून ते घडवले, आणि १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत ते आले. फुलपाखरांच्या एका प्रजातिगटाला फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने हे नाव दिले ते १८०७ साली, म्हणजे कितीतरी नंतर.

आद्याक्षरांची फोड करून सांगितलेला उगम तर विशेष पारखून घ्यावा. 'आदिदास' हे एखाद्या इंग्रजी वाक्याचे संक्षिप्त रूप नसून संस्थापक आदी डासलर यांच्या नावा-आडनावातून तयार झाले आहे.