चिपाडाच्या पायरोलिसिसची गतिकी कशी मांडावी

कोल्हापूरच्या परिसरात जैवभाराच्या पायरोलिसिसचा अभ्यास करायचा झाला, तर नमुना शोधत हिंडावे लागत नाही. गुळाच्या हंगामात करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गुऱ्हाळांभोवती उसाची चिपाडे वाळत पडलेली असतात आणि तीच पुढे काहिलीखालच्या चुलवाणात जातात. चुलवाणात सारलेले चिपाड पेट घेण्याआधी क्षणभर दाट पिवळसर धूर सोडते. ऑक्सिजनच्या मदतीवाचून, निव्वळ उष्णतेने होणारे हे विघटन म्हणजे पायरोलिसिस. ते कोणत्या तापमानाला किती वेगाने होते हे समीकरणात बांधणे म्हणजे त्याची गतिकी मांडणे. ज्यांना टीजीए (तापवत नेताना नमुन्याचे वजन सतत मोजणारे) यंत्र वापरायला मिळते, पण हाती आलेल्या आलेखांचे पुढे काय करायचे हे उमगत नाही, अशा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही मांडणी आहे.

सुरुवात नमुन्यापासून करावी आणि येथे घाई करू नये. साखर कारखान्यात ऊस एकामागून एक अशा अनेक गिरण्यांतून, वर पाणी मारत पिळला जातो, त्यामुळे तिथल्या चोथ्यात, म्हणजे बगॅसमध्ये, साखर फार थोडी उरते, मात्र वजनाच्या सुमारे निम्मे पाणी असते. गुऱ्हाळाच्या चरकातून निघालेल्या चिपाडात साखर त्याहून बरीच जास्त राहते. ही साखर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होऊ लागते आणि तिचा वाटा हेमिसेल्युलोजच्या (सेल्युलोज व लिग्निनसोबतचा चिपाडाचा एक मुख्य घटक) पायरोलिसिसमध्ये मिसळतो. तो न ओळखल्यास हेमिसेल्युलोजची म्हणून काढलेली संख्या प्रत्यक्षात अर्धी साखरेची असते. चिपाड कोमट पाण्याने धुतल्यास साखर जाते, पण तिच्याबरोबर पोटॅशियमही जाते, आणि पोटॅशियम सेल्युलोजच्या विघटनाला उत्प्रेरक ठरून त्याचे शिखर, म्हणजे वजन सर्वांत वेगाने घटण्याचा बिंदू, खालच्या तापमानाकडे सरकवते. म्हणून धुतलेला आणि न धुतलेला असे दोन्ही नमुने चालवावेत आणि निष्कर्ष कोणत्या नमुन्याचा आहे हे स्पष्ट लिहावे. खळ्यावरच्या चिपाडाला मातीही लागलेली असते. ५७५ अंशांना जाळून राखेचे प्रमाण एकदा मोजून ठेवावे.

नमुना १०५ अंशांना वाळवून, दळून, पाव मिलिमीटरपेक्षा बारीक चाळून घ्यावा. यंत्राच्या कुपीत ५ मिलिग्रॅमच्या आसपासच माल ठेवावा. जास्त माल घेतला की आलेख गुळगुळीत येतो, पण मालाचा गाभा तापमापकाच्या मागे राहतो, आणि तापनदर जितका जास्त तितका तो अधिक मागे राहतो. नायट्रोजनच्या प्रवाहात मिनिटाला ५, १०, १५ आणि २० अंश अशा चार तापनदरांनी नमुना चालवावा. रिकामी कुपी त्याच दरांनी चालवून तिचा आलेख वजा करावा, कारण वायूची घनता बदलल्याने रिकाम्या कुपीचेही वजन बदलल्यासारखे दिसते.

यानंतर वस्तुमानाचे रूपांतर-अंशात, म्हणजे अल्फात, रूपांतर करावे: सुरुवातीच्या कोरड्या वस्तुमानातून त्या क्षणीचे वस्तुमान वजा करावे आणि त्या घटीला सुरुवात ते शेवट या एकूण घटीने भागावे. सुरुवात ओल निघून गेल्यानंतर, साधारण १५० अंशांवर धरावी. शेवट कोठे धरायचा हा थोडा वादाचा भाग आहे, कारण लिग्निनचे विघटन लांबत जाते. ६०० अंश धरले तरी चालेल, मात्र चारही दरांना तेच तापमान हवे.

मूळ समीकरण साधे आहे. अल्फाच्या वाढीचा दर हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: तापमानावर अवलंबून असलेला अऱ्हेनियसचा वेगस्थिरांक आणि अल्फावर अवलंबून असलेले अभिक्रियेचे प्रारूप, म्हणजे अल्फा वाढेल तसा वेग कसा बदलतो याचे सूत्र. १९६४ मधील कोट्स–रेडफर्न पद्धतीने एकाच तापनदराच्या आलेखावरूनही सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) काढता येते, आणि सोपी असल्याने ती आजही सर्रास वापरली जाते. माझा तिच्यावर विश्वास नाही. एकाच आलेखावर परस्परांहून पूर्णपणे भिन्न प्रारूपे सारख्याच सुबकपणे बसतात, आणि सक्रियण ऊर्जेतील चूक पूर्वघातांक गुणकातील (अऱ्हेनियसच्या वेगस्थिरांकातील दुसऱ्या संख्येतील) चुकीआड लपून जाते.

त्याऐवजी समरूपांतर पद्धत घ्यावी. किसिंजर–अकाहिरा–सुनोसे पद्धतीत ठरावीक अल्फाला प्रत्येक दराचे तापमान नोंदवतात, तापनदराला त्या तापमानाच्या वर्गाने भागून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम काढतात आणि तो तापमानाच्या व्यस्तासमोर मांडतात. रेषेचा उतार उणे येतो. चिन्ह सोडून त्याला ८.३१४ ने गुणले की सक्रियण ऊर्जा मिळते. कृती समजावी म्हणून सोयीचे आकडे घेऊ. अल्फा ०.५ असताना ५ च्या दराला ३३० अंश आणि २० च्या दराला ३५० अंश मिळाले, म्हणजे ६०३.१५ आणि ६२३.१५ केल्व्हिन. दोन लॉगरिदमांतील फरक १.३२१ येतो, व्यस्तांतील फरक ०.००००५३२, उतार सुमारे २४,८००, आणि सक्रियण ऊर्जा मोलला सुमारे २०६ किलोज्यूल. हेच गणित केल्व्हिन न करता सेल्सिअसमध्ये केले तर उत्तर ६१ येते. मी ही चूक स्वतः केली आहे, आणि रेषा छान सरळ आल्याने ती बरेच दिवस ध्यानात आली नव्हती.

याच उदाहरणात २० च्या दराचे तापमान केवळ २ अंशांनी जास्त, म्हणजे ३५२ नोंदले गेले, तर सक्रियण ऊर्जा १८७ वर येते. वर ५ मिलिग्रॅमचा आग्रह धरला तो याचसाठी. सॉफ्टवेअर कोणते वापरले याने इतका फरक क्वचितच पडतो.

ही आकडेमोड अल्फा ०.०५ ते ०.९५ पर्यंत ०.०५ च्या टप्प्यांनी, १५ चा दर बाजूला ठेवून, उरलेल्या तीन दरांवर करावी. मिळालेल्या ऊर्जेतील कमाल-किमान फरक सरासरीच्या १० ते २० टक्क्यांहून अधिक निघाला, तर एका अभिक्रियेचे प्रारूप सोडून द्यावे. चिपाडात तो बहुधा निघतोच. अशा वेळी हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन यांच्यासाठी तीन स्वतंत्र, समांतर अभिक्रिया धराव्यात. डीटीजी आलेखात, म्हणजे वजन घटण्याच्या वेगाच्या आलेखात, हेमिसेल्युलोज ढोबळमानाने २२० ते ३१५ अंशांत खांद्यासारखे दिसते, सेल्युलोजचे उंच शिखर ३१५ ते ४०० मध्ये येते आणि लिग्निन दोघांच्या खाली लांबवर पसरलेले असते. सेल्युलोजला अभिक्रियेची पहिली कोटी (ऑर्डर) पुरते, लिग्निनला वरची कोटी द्यावी लागते. धुतलेल्या व न धुतलेल्या नमुन्यांची तुलना इथे उपयोगी पडते. न धुतलेल्या नमुन्यात २०० अंशांजवळ जादा उंचवटा असल्यास साखरेसाठी चौथी अभिक्रिया जोडावी. सर्व गुणक पायथनच्या सायपाय या गणिती संचातून तिन्ही दरांच्या आलेखांवर एकत्र बसवावेत. प्रत्येक दराला वेगळे गुणक घेतले तर जुळणी देखणी होते, पण तिचा उपयोग शून्य असतो.

आता बाजूला ठेवलेला १५ चा दर काढावा. मिळालेले गुणक जसेच्या तसे ठेवून त्या दराचा डीटीजी आलेख गणिताने काढावा आणि मोजलेल्या आलेखावर ठेवावा. शिखराचे तापमान दोन-तीन अंशांत जुळले नाही, तर गुणकांना हात न लावता कुपीतल्या मालाच्या वजनाच्या नोंदी आधी पाहाव्यात.