वादळानंतर वाडी साफ करायची घाई नको

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, आणि दोन-तीन तासात पिढ्यान् पिढ्यांच्या पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या. पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते. आता मे-जून आला की पोटात गोळा येतोच, म्हणून हे आधीच लिहितोय.

वादळ गेलं की पहिलं काम फोटो आणि पंचनामा, कोयता नंतर. त्यानंतर माड-पोफळी वेगळ्या काढा, कारण त्यांना वाढीचा कोंब एकच, शेंडा मोडला की झाड संपलं, कितीही जीव अडकला असला तरी. ती खोडं पावसात कुजत ठेवू नका, त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग शेजारचे वाचलेले माड पण जातात. तुकडे करून लगेच हलवा.

पण आंबा, फणस, कोकम, जांभूळ यांचं गणित पूर्ण वेगळं. सालीखाली झोपलेले डोळे असतात, वरचा भार गेला की बुंध्यावरून धुमारे फुटतात, सदाहरित रान वादळातून उठतं ते बरंचसं असंच. त्यामुळे नुसता बुंधा उरलाय म्हणून मुळापासून कापू नका हो, एक पावसाळा थांबा! फाटलेली फांदी करवतीने तिरकी साफ करा, बुरशी लागू नये म्हणून १० टक्के बोर्डो पेस्ट लावा (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). लहान कलम कललं असेल आणि निम्मी मुळं मातीत असतील तर फांद्या कमी करून दोन-चार दिवसात सरळ करा, माती दाबा, तीन बाजूंनी टेकू. उघडी मुळं तोवर ओल्या गोणपाटाखाली.

हापूसच्या कलमाला मात्र फूट जोडाच्या वरून आलीय का खालून ते बघा. खालून आली तर तो रायवळ (साधा गावठी आंबा), पाच वर्ष पाणी घालून आंबट आंबे खाल :) त्यावर परत कलम बांधता येतं म्हणा.

दुसरी गोष्ट ऊन. सावली गेली की जायफळ, मिरी आणि पोफळीची रोपं पावसात बरी दिसतात आणि ऑक्टोबरमध्ये करपतात, म्हणून जूनमध्येच मधे केळी घाला, उघड्या पडलेल्या खोडांना पाऊस संपल्यावर चुना मारा.

देवराईत तर हात अजूनच आखडता. मोठं झाड पडून भोक पडलं की आधी चांदाड्यासारखी ऊन मागणारी झाडं झरझर वर येतात, लोकांना ती कचरा वाटतात पण त्यांच्याच सावलीत खालची हळू वाढणारी रोपं तग धरतात. पडका ओंडका, पातेरा राहू दे. काढायची ती रानमोडी (बाहेरून आलेलं तण) आणि रोपांवर चढलेले वेल, जमीन ओली असताना मुळासकट. मोकळी जागा दिसली म्हणून अकेशियाची परदेशी झाडं लावणाऱ्या उत्साही मंडळींना प्लीज गेटवरच चहा पाजून परत पाठवा.

आणि बिया साठवायच्या भानगडीत पडू नका, फणस, जांभूळ, कोकमाचं बी वाळलं की मेलं, ताजं असतानाच पिशवीत लावा नाहीतर झाडाखाली आपोआप रुजलेली रोपं मातीसकट उचला, जुलैच्या झडीत ती नव्या जागी पटकन धरतात.