गाडी विकताना किंमत टिकावी म्हणून करायची तयारी

जुनी गाडी पाहायला आलेला माणूस बॉनेट उघडून काहीही बघत असला, तरी मनात एकच हिशेब मांडत असतो: ही गाडी घेतल्यावर आपल्याला आणखी किती खर्च येईल? त्याचे उत्तर गाडीतून किंवा कागदांतून मिळाले नाही, तर तो स्वतःच एक आकडा धरतो, आणि तो आकडा प्रत्यक्ष खर्चापेक्षा सहसा मोठाच असतो. गाडीचे वय आणि तिने कापलेले अंतर यांत आपल्याला फारसे काही करता येत नाही; पहिल्या काही वर्षांत किमतीत होणारी घट तर कोणालाच टळत नाही. शंकेला जागा न ठेवणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे. त्यासाठीची तयारी गाडी नवीन असतानाच सुरू करावी, कारण विकण्याच्या आधी आठवडाभर केलेली धावपळ जाणत्या माणसाला लगेच ओळखू येते.

सर्वांत आधी एक फाइल करावी. खरेदीचे मूळ बिल, नोंदणीची व विम्याची कागदपत्रे, वॉरंटीची माहिती आणि त्यानंतर गाडीवर झालेल्या प्रत्येक कामाची पावती तारखेच्या क्रमाने तिच्यात लावत जावी. पावतीवर तारीख, त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा, चेसिस नंबर, बदललेले सुटे भाग आणि वापरलेल्या ऑइलचा ग्रेड यांची नोंद आहे ना, हे गॅरेजमधून निघण्यापूर्वीच तपासावे. दोन वर्षांनंतर ती नोंद कोणी करून देत नाही. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेल्या गाड्या बाजारात येत असतात आणि त्यापायी प्रामाणिक मालकाच्या गाडीकडेही संशयाने पाहिले जाते. ओळीने वाढत गेलेल्या आकड्यांच्या सात-आठ पावत्या हा त्यावरचा सर्वांत साधा उतारा आहे. उष्णतेने छापणाऱ्या यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्यांचे फोटो लगेच काढून ठेवावेत. गाडीला अपघात झाला असेल, तर दुरुस्तीपूर्वीचे आणि दुरुस्ती चालू असतानाचे फोटो जपावेत. फक्त बंपर आणि दिवा बदलला होता, हे फोटोसह दाखवता आले तर विषय तिथेच मिटतो. दाखवता आले नाही, तर समोरचा माणूस चेसिसच वाकली असेल असे धरून चालतो.

याच फाइलमध्ये कंपनीने परत बोलावून मोफत दुरुस्त केलेल्या दोषांचे कागदही असावेत. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभरातील अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. अशी सूचना आपल्या गाडीला लागू आहे का, हे १७ अक्षरांच्या चेसिस नंबरवरून उत्पादक कंपनीकडे विचारता येते. वर्षातून एकदा विचारावे आणि काम झाल्याचा कागद मागून घ्यावा.

ऑइल आणि इतर द्रवांच्या बाबतीत गाडीसोबत मिळालेली पुस्तिका हाच आधार मानावा. तिच्यात प्रत्येक कामासाठी किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे दिलेले असतात आणि त्यांतला जो आधी येईल तो पाळायचा असतो. गाडी फार फिरलीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचे, असा विचार करणारे बरेच जण भेटतात. पण उभ्या गाडीतले ऑइलही जुने होते, आणि दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तर ते अधिक लवकर खराब होते, कारण इंजिन पुरेसे तापत नाही आणि आत जमलेली पाण्याची वाफ व न जळलेले इंधन ऑइलमध्येच राहून जाते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काळा चिकट थर दिसला की पाहणाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नाही. ग्रेडही पुस्तिकेतलाच ठेवावा. ५ डब्ल्यू-३० सांगितले असताना अधिक दाट ऑइल घालून इंजिनाचा आवाज कमी करण्याची युक्ती जुनी आहे आणि मेकॅनिकला ती परिचित असते.

ब्रेक ऑइलकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो: डॉट ४ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, तर त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. उतारावर सतत ब्रेक दाबताना हा फरक जाणवतो. म्हणून बहुतेक गाड्यांत ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि फाइलमध्ये त्याची पावती असली तर मालक पुस्तिका वाचणारा आहे हे आपोआप कळते. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, निवड रंगावरून करू नये, कारण रंगाचा कोणताही सर्वमान्य नियम नाही. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र आली तर गाळ धरू शकतो. नळाचे पाणी घालणे टाळावे, त्यातल्या क्षारांचे थर रेडिएटरमध्ये बसतात.

इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, असलेल्या गाडीत तो ठरलेल्या मुदतीत बदलून त्याची पावती ठेवणे हे एकच काम मोठा फरक करते. अनेक इंजिनांची रचना अशी असते, की बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावेच लागते; ज्या बेल्टचा पुरावा नाही तो बदललेलाच नाही, असे खरेदीदार गृहीत धरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर पुरते असे कोणी सांगितले, तरी पुस्तिकेत कठीण वापराच्या परिस्थितीसाठी वेगळी मुदत दिली आहे का ते पाहावे. डिझेल गाडीत धुराच्या कणांसाठी फिल्टर असेल, तर तिला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने चालवावे, म्हणजे साठलेली काजळी जळून जाते.

टायर हे गाडीच्या वागणुकीचे प्रगतिपुस्तक असते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. २३२१ असे लिहिले असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला आहे. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपासच्या तारखांचे असावेत, निदान एका अ‍ॅक्सलवरची जोडी तरी सारखी असावी. आतल्या कडेने झिजलेला टायर चाकांचे अलाइनमेंट (चाके सरळ रेषेत असणे) बिघडल्याचे किंवा सस्पेन्शनच्या जोडातला एखादा रबरी बुश गेल्याचे सांगतो, दोन्ही कडांनी झिजलेला टायर हवा कमी ठेवल्याचे, आणि मधोमध झिजलेला जास्त हवेचे. म्हणून महिन्यातून एकदा टायर थंड असताना हवा तपासावी, साधारण दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरच्या जागांची आपसांत अदलाबदल करावी आणि त्याच वेळी अलाइनमेंट पाहून घ्यावे. अनेक देशांत नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरलेली आहे. त्या सीमेवर आलेले टायर घेऊन गाडी विकायला काढली, तर पूर्ण नव्या संचाची किंमत वजा होणार हे धरून चालावे.

रंगाच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे चुकीच्या काळजीने होणारे नुकसान निष्काळजीपणाइतकेच मोठे असते. कारखान्यात दिलेल्या रंगाचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यातला वरचा पारदर्शक थर बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. दर रबिंग-पॉलिशमध्ये त्यातलाच थोडा भाग घासला जातो. वर्षातून दोनदा रबिंग करणारा मालक गाडी चमकवतो खरी, पण काही वर्षांत तिचे कवच संपवतो. त्यापेक्षा मुळात ओरखडे पडूच नयेत हे पाहावे: कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय सोडावी, आधी भरपूर पाण्याने माती वाहून जाऊ द्यावी, फेसाची आणि कापड खळबळण्याची बादली वेगळी ठेवावी, भांडी घासण्याचा साबण वापरू नये, आणि शेवटी मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्यावे. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक दिसताच ओल्या कापडाने मऊ करून काढावा; उन्हात तापलेल्या बॉनेटवर तो दिवसभर राहिला तर त्याचा ठसा थरात उमटतो. वॅक्स दर तीन-चार महिन्यांनी लावणे पुरेसे आहे. सिरॅमिक कोटिंग केले असेल तर त्याची पावती आणि देखभालीच्या नोंदी जपाव्यात, नाही तर त्याचे मोल विकताना शून्य धरले जाते.

आता रंगाच्या दुरुस्तीविषयी. जुन्या गाड्यांचे व्यवहार करणाऱ्यांकडे रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असते. पाच पत्र्यांवर १२० मायक्रॉन आणि एका दारावर ३०० असा आकडा आला, की ते दार पुन्हा रंगवले आहे हे उघड होते, आणि मग का रंगवले हा प्रश्न येतो. म्हणून लहान पोचा रंग न फुटता आला असेल, तर आतून दाबून काढणाऱ्या कारागिराकडे जावे. मूळ रंग शाबूत राहतो. खडा लागून उडालेला ठिपका गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे मिळणाऱ्या टच-अपने वेळीच बुजवावा, म्हणजे पत्रा गंजणार नाही. त्या ठिपक्यासाठी अख्खे बॉनेट रंगवणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते. नीट वापरलेल्या गाडीवर चार ठिपके असायचेच.

समोरच्या काचेवर खडा लागून लहानसा चरा पडला, तर तडा पसरण्यापूर्वी त्यात रेझिन भरून घ्यावे. काचांच्या कोपऱ्यांवर उत्पादकाचे चिन्ह आणि अनेकदा निर्मितीचे सालही असते, त्यामुळे बदललेली काच ओळखू येते. तिचीही पावती फाइलमध्ये असावी. पुढचे दिवे पिवळट झाले असतील तर ते घासून स्वच्छ करता येतात, मात्र घासल्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर पुन्हा दिला नाही तर काही महिन्यांत ते पुन्हा धुरकट होतात.

गाडीच्या आत दार उघडताच येणारा वास हा पहिला निकाल असतो. गाडीत धूम्रपान अजिबात होऊ देऊ नये, कारण तो वास छताच्या कापडात आणि एसीच्या वाटांत मुरतो आणि कोणत्याही सुगंधाने झाकला जात नाही. उलट तीव्र सुगंधी बाटली टांगलेली दिसली की संशय वाढतो. एसीच्या कुबट वासासाठी केबिन फिल्टर वेळेवर बदलावा, आणि प्रवास संपण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतला ओलावा वाळतो. समोरच्या काचेखालच्या जाळीत आणि सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्यांत पाने अडकली, तर पाणी गालिच्याखाली उतरते. तो गालिचा वर्षातून एकदा हाताने चाचपून पाहावा. डॅशबोर्डवर चकचकीत द्रव फासू नये, ओलसर फडके आणि उन्हासाठी काचेचा पडदा पुरतो. गाडीचा तळ चिखल, समुद्राची हवा किंवा रस्त्यावरचे मीठ यांच्या संपर्कात आला असेल, तर तो खालून धुवावा. गंज नेहमी न दिसणाऱ्या जागीच सुरू होतो.

विजेवर चालणाऱ्या गाडीत या सगळ्याच्या वर बॅटरीची तब्येत येते. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर रोजच्या वापरात चार्ज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा, पूर्ण भरलेली गाडी कडक उन्हात दिवसेंदिवस उभी करू नये, आणि विकण्यापूर्वी बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल घ्यावा.

बदल करण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने निदान काढलेले मूळ भाग फेकू नयेत. मोठी चाके, वेगळा सायलेन्सर, कापून जोडलेल्या वायरी हे सगळे आपल्याला आवडलेले असते, पण त्याचे पैसे दुसरा माणूस देत नाही. तसेच दुसरी किल्ली, पुस्तिका, जॅक, पाना, स्टेपनी आणि चाकांच्या लॉक नटची चावी पहिल्या दिवसापासून ठरलेल्या जागी ठेवावी. दुसरी किल्ली नाही म्हटल्यावर ती कोणाकडे आहे, हा प्रश्न आलाच.

विकण्याच्या महिनाभर आधी गाडीची एकदा तपासणी करून घ्यावी आणि निघालेल्या कामांची दोन भागांत वाटणी करावी. बल्ब, वायपर, काचेचे पाणी, सैल ट्रिम, चरचरणारे दार, मरू घातलेली बारा व्होल्टची बॅटरी ही कामे करूनच टाकावीत, कारण त्यांचा खर्च लहान आणि मनावरचा परिणाम मोठा असतो. क्लच किंवा सस्पेन्शनसारख्या मोठ्या कामाचा खर्च किमतीतून बहुधा पूर्ण वसूल होत नाही. त्याचे लेखी अंदाजपत्रक घेऊन ते मोकळेपणाने दाखवणे आणि तेवढी सूट देणे परवडते. धोक्याचा दिवा पेटत असेल तर कारण दुरुस्त करावे. गाडीच्या संगणकात नोंदलेला दोषाचा कोड नुसता पुसून दिवा विझवला तर तपासणी-यंत्रावर काही चाचण्या अपूर्ण दिसतात आणि हल्लीच कोणीतरी कोड पुसल्याचे लक्षात येते. इंजिनावर जोरदार पाण्याचा फवारा मारून ते नव्यासारखे करू नये: पाणी विजेच्या जोडण्यांत शिरते आणि फारच स्वच्छ इंजिन पाहून ऑइलची गळती धुऊन टाकली असावी असे वाटते. कोरड्या ब्रशने धूळ काढून ओल्या फडक्याने पुसावे.

फोटो ढगाळ उजेडात किंवा सकाळी लवकर काढावेत आणि असलेल्या ओरखड्यांचे फोटोही त्यांतच द्यावेत. गाडीच्या पडद्यावरून जोडलेले फोन, साठवलेले पत्ते आणि घराच्या दाराचे रिमोट यांची माहिती पुसावी. खरेदीदार येईल त्या दिवशी गाडी आधी तापवून ठेवू नये; बॉनेटला हात लावून तो ते तपासतोच. इंजिन थंड असू द्यावे, फाइल समोरच्या सीटवर ठेवावी आणि पहिली किल्ली त्यालाच फिरवू द्यावी.